अडलेली लेव्हल

माझी बायको सुनंदा तीन आठवड्यांपूर्वी, मंगळवारी, आजारपणात गेली.

तिचा फोन फ्रिजवर तसाच राहिला. पण रोज सकाळी तो चार्ज केलेला दिसे, आणि तो कोणीतरी वापरतंय असा मला संशय येऊ लागला. घरात मी आणि आमची मुलगी मुग्धा, दोघंच. मुग्धाचे खेळ वेगळे. कानांवर हेडफोन, समोर युद्ध, आईने जेवायला हाक मारली की "थांब गं." सुनंदा मात्र भाजी शिजेपर्यंत ओट्याशी उभी राहून फोनवर रंगीत फळं जुळवायची.

"आई, याला गेम नाही म्हणत. टाइमपास आहे हा," मुग्धा चिडवायची.

"आणि तू दिवसभर मुडदे पाडतेस, ती काय पीएचडी?"

काल दुपारी मुग्धा आईचा फोन घेऊन ओट्याशी उभी होती. मी मागून पाहिलं. जुळणारी फळं समोर असताना ती बोट भलतीकडेच नेत होती आणि हरत होती.

"एवढं सोपं जमेना तुला?"

"जिंकले तर लेव्हल पुढे जाईल, बाबा. आई इथे अडली होती."

कुठला खेळ वेळ घालवायचा आणि कुठला जीव ओतायचा, हे खेळ पाहून सांगणाऱ्यांवर माझा आता विश्वास नाही. आजारपणात स्वयंपाक मी करायचो, तरी सुनंदा खेळायला ओट्याशीच, माझ्या शेजारी येऊन उभी राहायची. तेव्हा मला तो टाइमपास वाटला होता.

फोन चार्ज आहे. लेव्हल तीच आहे.