चरबीखालची हाडं

ग्रीकांनी आपल्या देवांना फसवलं, आणि जेद्दातल्या हाडांच्या एका मराठी डॉक्टरने मला.

मेंढा आम्ही अर्धा-अर्धा घेतला होता. भाव मी केला, भर उन्हात दोनदा पाठ फिरवून. कत्तलखान्यातून आल्यावर डॉक्टर म्हणाले, "वाटे मी घालतो, आधी तुम्ही उचला." आमच्या गावाकडची रीतच ही. वाटे घालणारा शेवटी उचलतो, म्हणून लबाडी होत नाही.

परातीत दोन ढीग. एकावर वजडीचं हिरवट, बुळबुळीत कातडं. त्याला उग्र वास. दुसरा शेपटीच्या चरबीने पांढराशुभ्र. मी पांढरा उचलला.

घरी चरबी सोलली तर आत तासून काढलेली मांडीची हाडं आणि शेपटीचे मणके. मुलीच्या लग्नाची बोलणी करायला यान्बूहून होणारे व्याही वाटेत होते. शुक्रवारची दुपार, दुकानं बंद. बायकोने तेच शिजवलं. रश्श्यावर बोटभर मेणचट तवंग थिजला. विहीणबाईंनी हाड उलटून पाहिलं आणि मला ऐकू येईल असं नवऱ्याला म्हणाल्या, "जेवायला बोलावून ही तऱ्हा, मग लग्नात काय वाढतील?"

पाहुणे गेल्यावर मी फोन केला. डॉक्टरांना हसू आवरेना.

"शेठ, ग्रीसमध्ये जुन्या वेद्या खणल्या, तर राखेत काय सापडलं? मांडीची हाडं, गुडघ्याच्या वाट्या, शेपटीचे मणके. पांढरी पडेपर्यंत जाळलेली. बाकीची हाडं पंगतीच्या उकिरड्यात, सुरीच्या खुणांसकट. मांस माणसांनी खाल्लं. त्यांच्या पुराणातही वाटे असेच घातलेत: हाडांवर चरबी, मांसावर पोट. देवाने चरबी बघून तोच वाटा उचलला."

"देवांना धूर पुरायचा, डॉक्टर. माझे व्याही जेवायला आले होते."

"गंमत हो. भाव करण्यात तुम्ही एवढे पक्के, म्हटलं बघू."

"मटण कुठंय?"

"संपलं. चार मित्र आले होते."

मला किळस आली. हमाली करून मी इथवर आलो, पण कुणाच्या ताटात उष्टं-खरकटं वाढलं नाही. त्यानंतर व्याह्यांचा फोन नाही, आणि मुलगी माझ्याशी बोलत नाही.

तर डॉक्टर, हे वाचत असाल तर वेदीतली राख पुरे. येत्या शुक्रवारी माझ्या गाडीत बसा, यान्बूला चला आणि त्या घरात, त्या बाईंसमोर सांगा, वाटे कोणी घातले ते. किती वाजता न्यायला येऊ?