दशमीचं तिकीट

विमानाचं तिकीट स्वस्तात कसं काढायचं, हे हल्ली आमच्या बिल्डिंगमधली माणसं मला विचारतात. मीही सांगते, माझं काय जातं. मंगळवारी बघा, पहाटे बघा, एकाच मोबाइलवरून सारखं बघू नका, असलं ज्ञान वाटणारे गल्लोगल्ली आहेत आणि त्यातलं निम्मं खोटं आहे. मी सगळं करून बसलेय. वर्षभर त्या मोबाइलात डोकं घालून होते. नवरा म्हणायचा, ही झोपेतसुद्धा तिकिटांचे भाव बडबडते. बडबडत असेन. शब्द त्याने दिला होता आणि निस्तरत मी होते.

शब्द त्याने कावळ्याला दिला होता. माझे सासरे गेले तेव्हा दहाव्याला आम्ही सगळे उल्हास नदीच्या काठावर जमलो होतो. पिंड ठेवला, सगळे मागे सरकले, आणि कावळा काही शिवेना. झाडावर बसलेले दिसत होते, खाली उतरत नव्हते. मग सुरू झालं एकेकाचं. आईला सांभाळू. जांभूळ गावचं घर विकणार नाही. भावकीतलं भांडण मिटवू. कावळे ढिम्म. ऊन चढलं, गुरुजींनी घड्याळाकडे बघायला सुरुवात केली, तेव्हा माझा नवरा हात जोडून म्हणाला, "बाबा, आईला विमानातून फिरवून आणीन." आणि एक कावळा उतरला. आता तो भुकेने उतरला की शब्दाने, मला माहीत नाही. पण काठावरच्या सगळ्यांनी मान हलवली, आणि आम्ही अडकलो.

विमान त्याच्या डोक्यात कुठून आलं, ते सांगायला हवं. सासऱ्यांची जांभूळला थोडी भातशेती होती, आणि पोटापाण्याची नोकरी मोरिवलीच्या एका कारखान्यात. कमी बोलणारा माणूस. पण आभाळात विमानाचा आवाज आला की जेवता जेवता उठायचे, खरकट्या हाताने अंगणात जाऊन मान वर करून उभे राहायचे. विमान डोंगराआड गेलं की आत येऊन पुन्हा पाटावर बसायचे आणि दर वेळी तेच बोलायचे, "हिला एकदा विमानात बसवणार हाय." सासूबाई चुलीपाशी. त्या कधी उठून बाहेर आल्या नाहीत. "भाकर गार होते," एवढंच म्हणायच्या. आम्हाला वाटायचं, लाजतात.

शब्द देऊन वर्षं उलटली. आधी चिखलोलीच्या या फ्लॅटचं कर्ज, मग मुलीचं शिक्षण आणि लग्न, मग करोना. दर पितृपक्षात दशमीला आम्ही गच्चीवर पान ठेवायचो आणि कावळा यायला जरा उशीर झाला की नवऱ्याचं तोंड उतरायचं. मला कळायचं. आणि गेल्या वर्षी हाडांच्या डॉक्टरांनी सासूबाईंच्या गुडघ्याचा फोटो दिव्यासमोर धरून सांगितलं, की चालती आहे तोवर चालवा, पुढच्या वर्षीचं मी बोलत नाही. ऑपरेशनला त्या तयार नव्हत्या. घरी येताना रिक्षात नवरा म्हणाला, "आता नाही झालं तर होणारच नाही." त्या दिवशी मी मोबाइल हातात घेतला.

विमान म्हणजे दिल्ली-गोवासुद्धा चाललं असतं. पण मला वाटलं, एवढा शब्द दिलाय तर परदेश दाखवू. ही माझी हौस, नाकारत नाही. बँकॉक ठरलं, कारण मुंबईहून सगळ्यात परवडणारं तेच दिसत होतं आणि व्हिसाची कटकट नव्हती. बिल्डिंगमधल्या पुरुषांना मात्र बँकॉक म्हटल्यावर जे हसू फुटायचं, त्याचा मला संताप यायचा. "आईला घेऊन बँकॉक?" एकाने लिफ्टमध्ये विचारलं. मी म्हटलं, "हो, तुमच्या आईला पण पाठवता का?" पुन्हा विचारलं नाही.

भाव बघायला लागले आणि कळलं की तिकीट ही भाजी नाही, तो सट्टा आहे. सकाळी एक भाव, दुपारी दुसरा. बाहेर लिहिलेला आकडा बघून जीव हरखावा आणि आत शिरलं की बॅगेचे वेगळे, खुर्चीचे वेगळे, जेवणाचे वेगळे, आणि सगळ्यात शेवटी सोयीचे म्हणून वेगळे. कसली सोय, देव जाणे. एक तिकीट फारच स्वस्त दिसलं, तर मध्ये कुठल्याशा गावात विमानतळावर अर्धा दिवस बसायचं होतं. गुडघे घेऊन कोण बसणार तिथे? मे महिन्यात भाव अंगावर येत होते. पावसाळ्यातले बरे होते, पण नवरात्र-दिवाळी जवळ आली की पुन्हा आकाशाला भिडायचे. शिवाय मला सुट्टी कधी मिळणार हाही प्रश्न होताच.

मी उल्हासनगरला एका सिंधी शेठच्या दुकानात बिलं बघते. लेडीज ड्रेसचं होलसेल आहे. लग्नसराईत आणि नवरात्र-दिवाळीत शेठ मला जेवायला सोडेल तर शपथ. एका दुपारी मी काउंटरखाली मोबाइल धरून भाव बघत होते, तर तो मागे येऊन उभा. मला वाटलं, आता ओरडणार. पण भाव बघितला की त्याच्यातला व्यापारी जागा होतो. चष्मा कपाळावरून खाली घेऊन त्याने आकडा वाचला आणि म्हणाला, "सीझन में काय शोधते तू? श्राध में देख. पंधरा दिवस आपल्या दुकानात माशी येत नाही, तर विमानात कोण बसणार? और छुट्टी भी मैं तभी दे सकता हूँ."

मी तारीख बदलली. शेठचं खरं होतं. भाव असे खाली आले होते, की मी दोनदा तपासलं, माणसं तीन टाकलीत ना. त्यातही एक दिवस सगळ्यात स्वस्त निघाला. सरळ जाणारं विमान, सकाळचं, बॅगेसकट परवडणारं. मी खूश होऊन कॅलेंडर उघडलं आणि खाली तिथी वाचली. दशमी. सासऱ्यांची तिथी.

रात्री जेवताना मी नवऱ्याला मोबाइल दाखवला. त्याने भाव बघितला, तारीख बघितली, आणि मोबाइल उलटा करून ठेवला.

"बाबांच्या तिथीला?" तो म्हणाला. "शब्द बाबांना दिला आणि बाबांच्याच दिवशी घराला कुलूप लावून जायचं?"

"मग दुसऱ्या दिवसाचं काढ. भाडं तू भर."

"पितृपक्षात कोणी निघतं का प्रवासाला? कोणाला सांगू नकोस बाहेर."

"निघत नाहीत म्हणून तर स्वस्त आहे ना," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता. वर्षभर डोळे फोडून शोधलेली गोष्ट अशी उलटी करून ठेवली की राग येणारच. तो उठून गॅलरीत गेला. माझा नवरा भांडत नाही, गप्प बसतो. त्यापेक्षा भांडलेला परवडला. पुढचे दोन दिवस घरात फक्त टीव्ही बोलत होता, आणि मोबाइलवर सारखं येत होतं, की या भावात थोड्याच जागा उरल्यात.

तिसऱ्या दिवशी सासूबाई गवार निवडत बसल्या होत्या. मान वर न करता त्यांनी विचारलं, "कोनत्या दिवशी म्हनालीस?"

"दशमीला."

"तेच काढ."

नवरा पेपर वाचत होता, त्याने पेपर खाली केला. "आई, अगं बाबांचं पान..."

"तिथी चुकली तर सर्वपित्री हाय. त्याच्या आधी येतो ना आपन परत?" येणार होतो, चतुर्दशीला. "मग झालं. आमच्या गावात निम्मी मानसं सर्वपित्रीलाच घालतात." आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "मला खिडकीची जागा घे."

"आई, खिडकीचे वेगळे पैसे पडतात."

"पडू दे."

मी वैतागले. गवारीची शेंगसुद्धा भाव करून घेणारी बाई, आणि खिडकीचे पैसे पडू दे म्हणते. पण त्यांच्या तोंडापुढे कोण बोलणार? खिडकी घेतली. तिकीट काढलं तेव्हा नवरा तिथेच होता. हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही.

दशमीला पहाटे उठले तर स्वयंपाकघरात दिवा. सासूबाईंनी भाजणीचे वडे तळायला घेतले होते, एका बाजूला खीर उकळत होती. गाडी यायला थोडाच वेळ होता. मी म्हटलं, "आई, सर्वपित्रीला करायचं ठरलंय ना?"

"वाटेत खायला लागंल की नाय? विमानात इकत देतात म्हनलीस."

नवऱ्याने त्यातलंच थोडं पानावर घेतलं आणि गच्चीवर गेला. खाली गाडीवाला हॉर्न देत होता. बराच वेळ झाला तरी हा येईना, म्हणून मी वर गेले. पान कठड्यावर होतं, आभाळ रिकामं होतं, आणि तो डोक्यावरून रुमाल घेऊन उभा होता. "एकही नाही आला," म्हणाला. मला त्या वेळी त्याची खरंच दया आली. मी त्याचा हात धरून त्याला खाली आणलं.

विमानतळावर सासूबाईंनी व्हीलचेअरला आधी नाही म्हटलं, मग बसल्या आणि मग उठायला तयार नव्हत्या. तपासणीच्या रांगेत खिरीची बाटली अडवली. पातळ काही आत नेता येत नाही, तिथल्या मुलीने समजावून सांगितलं, इथेच टाका नाहीतर पिऊन टाका. "पी," सासूबाई मुलाला म्हणाल्या. माझा नवरा पट्टा हातात, बूट ट्रेमध्ये, अशा अवस्थेत श्राद्धाची खीर उभ्याने प्यायला. वडे मात्र सुटले.

विमानात सासूबाई खिडकीपाशी, मधे मी, कडेला नवरा. विमान धावायला लागलं तशी सासूबाईंनी माझा हात असा आवळला की बांगडी रुतली. डोळे गच्च मिटलेले. वर गेलो, ढगांच्याही वर गेलो, तरी त्या डोळे उघडेनात. मी म्हटलं, "आई, बघा तरी. पैसे भरलेत खिडकीचे."

त्यांनी डोळे उघडले, पण बाहेर बघितलं नाही. पिशवीतून डबा काढला. समोरची फळी मी खाली करून दिली. त्यांनी एक वडा घेतला, कागदी रुमालावर ठेवला आणि तो रुमाल खिडकीकडे, फळीच्या अगदी टोकाला सरकवला. मग काचेकडे तोंड करून हळूच म्हणाल्या, "बघा आता. पोटभर बघा."

मला आधी समजलंच नाही. कडेला बसलेल्या नवऱ्याने ऐकलं होतं. तो पुढे वाकला. "आई?"

"मला कवा हौस होती रे विमानाची?" त्या म्हणाल्या. "मला तर भ्याव वाटतं. हौस त्यांची. सोताचं नाव कसं घेनार, म्हनून माझं घ्यायचे. मानूस जेवन सोडून पळायचा अंगनात, ते काय माझ्यासाठी?"

इतक्या वर्षांत आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात हे आलं नव्हतं.

"मग तू हो कशाला म्हणालीस? आणि तेही आजच्या दिवशी?" नवऱ्याने विचारलं.

"या पंधरवड्यात ते खाली असतात," सासूबाई अगदी साधेपणाने म्हणाल्या, शेजारच्या गावाला कोणी आलंय हे सांगावं तसं. "दिवाळीत तिकीट काढलं असतं, तर मी एकटीनं बसून काय करनार होते?"

मला रडू आलं. मी ते लपवलं नाही. मधल्या खुर्चीत लपवायला जागा नसते. नवरा काही बोलला नाही, पण आज त्याच्या गप्प बसण्याचा मला राग आला नाही. त्याने डब्यातून एक वडा घेतला, अर्धा मला दिला, आणि माझ्या खांद्यावरून त्या खिडकीकडे बघत बसला. खाली ढग, वर निळं. सासूबाई दुसरीकडे तोंड करून खात होत्या, बाहेर चुकूनही बघत नव्हत्या.

थोड्या वेळाने एअर होस्टेस कचऱ्याची पिशवी घेऊन आली. तिने आमचे कागद घेतले, रिकामा डबा बाजूला सरकवला, आणि मग माझ्यापुढून वाकून खिडकीजवळच्या त्या वड्याकडे हात नेला.

"वो रहने दीजिए," माझा नवरा म्हणाला. "पिताजी खा रहे हैं."

तिने आमच्या तिघांकडे बघितलं, मग त्या वड्याकडे बघितलं. "सॉरी सर," म्हणाली, आणि पुढच्या रांगेकडे गेली.