देवदाराला ऑइलपेंट

आमच्या सोसायटीच्या बागेतल्या देवदाराच्या बाकावरच्या रंगाचे पोपडे सुटलेत. मला तर आनंदच झाला.

दोन वर्षांपूर्वी बाक आलं तेव्हा सुतारमिस्त्री म्हणाले होते, "साहेब, याला वर्षातून एकदा नुसतं तेल पाजा. कीड लागायची नाही. उन्हापावसात हळूहळू रुपेरी होईल."

"म्हणजे म्हातारं दिसणार!" सेक्रेटरी म्हणाले, आणि चकचकीत तपकिरी ऑइलपेंटचे तीन हात देऊन मोकळे झाले. देवदाराचा तो गोडसर वास त्याच दिवशी मेला.

अशा माणसांची कीव करावी म्हणतात. मला ती येत नाही, चीड येते. जे आपल्या पावलांनी सुंदर व्हायला निघालंय, त्याचं थोबाड रंगवून ठेवायची यांना कोण घाई!

आज सकाळी सेक्रेटरी त्याच बाकावर बसून फोनवर मिस्त्रींना झापत होते, "लाकूडच हलकं दिलंत तुम्ही!" शेजारी पोपड्यांतून करडं, शांत लाकूड डोकावत होतं. बोलता बोलता त्यांनी मान खाली घातली. काळ्याकुळकुळीत केसांच्या भांगात बोटभर पांढरी रेघ उगवली होती.

या माणसातलं तेवढंच काय ते मला बघावंसं वाटलं.