कुसुमताई आणि रेमंडचा गुडघा

कुसुमताईंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या लाकडी स्टुलावर उभ्या राहून एका राक्षसाला मराठीतून रागवत होत्या.

चौऱ्याऐंशीचा हिवाळा होता. मी पुण्याहून स्टॅटिस्टिक्स शिकायला अमेरिकेत येऊन वर्ष झालं होतं. बर्फावरून घसरून घोटा मोडला, आणि प्लास्टर निघाल्यावर डॉक्टरांनी हॉस्पिटलच्या फिजिओथेरपी विभागात पाठवलं. कुबड्या टेकत आत शिरले, तर टेबलाच्या कडेवर प्रचंड देहाचा एक काळा माणूस बसला होता. त्याच्या मागे स्टुलावर चढलेली पाच फुटी बाई, पांढरा कोट, घट्ट अंबाडा. त्याच्या खांद्यात कोपर रुतवून ती म्हणत होती, "हलून काऊन राहिला बे? सीधा बस!"

तो सीधा बसला. मला हसू आवरेना. बाईंनी वळून पाहिलं.

"मराठी?"

"हो. पुण्याची."

"असू दे. घोटा दाखव."

नागपूरच्या कुसुमताईंशी माझी ओळख झाली ती अशी. शहराचं नाव मी लिहीत नाही, कारण ते लिहिलं तर तिथल्या बास्केटबॉल संघाचं नाव झाकून राहणार नाही. मिडवेस्टातलं एक थंडगार शहर होतं एवढं पुरे. संघाच्या खेळाडूंचे मोडके सांधे दुरुस्त करायचं काम त्या हॉस्पिटलकडे होतं, आणि हॉस्पिटलात ते ताईंकडे होतं. इतरही थेरपिस्ट होते, पण खेळाडू ताईंसाठी तास तास थांबायचे. ताईंना बास्केटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. एकदा मी त्यांना टीव्हीवर सामना दाखवला. अर्धा तास त्यांनी तो निरखून पाहिला, मग म्हणाल्या, "त्या सात नंबरवाल्याची कंबर दुखून राहिली आहे. कोणी बघत का नाही त्याला?"

रोग्याला "कसं वाटतंय" असं त्या कधी विचारत नसत. "माणूस खोटं बोलतो, सांधा बोलत नाही," असं म्हणून थेट हात लावत. आणि हात लावून झाला की रोगी टेबलावरून उतरायच्या आत लिहीत. फॉर्मवर माणसाच्या शरीराची बाह्याकृती छापलेली असे. जिथे दुखतं तिथे ताई निळ्या पेनानं गोल काढत आणि खाली ठसठशीत अक्षरात तारीख, वेळ आणि चार ओळी. "हाताला लागलं ते लिहायचं, नंदे. नाही लागलं ते नाही लिहायचं. आमच्या सरांनी एवढंच शिकवलं, बाकी सगळं पुस्तकात आहे."

घोटा बरा झाला तरी मी त्यांच्याकडे जात राहिले. दर रविवारी दुपारी त्यांच्या दोन खोल्यांच्या अपार्टमेंटमध्ये वरण-भात आणि झणझणीत भरली वांगी. ताईंनी लग्न केलं नव्हतं. नागपूरला म्हातारी आई धाकट्या भावाकडे असे. एकोणऐंशीत ताई इथे आल्या त्या हॉस्पिटलच्या बोलावण्यावर. ग्रीन कार्डाचा अर्जही हॉस्पिटलनंच केला होता, आणि तो चालू असताना देश सोडला तर सगळं मुसळ केरात जाईल अशी भीती होती. म्हणून पाच वर्षांत त्या आईला भेटल्या नव्हत्या. "कार्ड आलं की पहिलं तिकीट नागपूरचं," असं त्या दर रविवारी म्हणायच्या.

तो पहिल्या दिवशीचा राक्षस म्हणजे रेमंड. तिशीचा, आठ वर्षं व्यावसायिक खेळ खेळलेला, पण सतत राखीव बाकावर बसणारा. टीव्हीवर त्याचं नाव क्वचितच येई. अंग प्रचंड आणि आवाज इतका हळू की पुढे वाकून ऐकावं लागे. तोही कधीकधी रविवारी जेवायला यायचा. ताईंची खुर्ची त्याला पुरत नसे, म्हणून जमिनीवर मांडी घालायला शिकला होता. मांडी घालताना ताईंचं लक्ष त्याच्या ताटाकडे नसायचं, गुडघ्याकडे असायचं.

त्याच वर्षी सॅलरी कॅप नावाचं प्रकरण आलं होतं. एका संघानं सगळ्या खेळाडूंच्या पगारावर मिळून एका मर्यादेपलीकडे खर्च करायचा नाही, असा नियम. काही संघ दिवाळखोरीच्या काठावर होते, म्हणून खेळाडूंच्या युनियननंही तो मान्य केला होता आणि बदल्यात उत्पन्नातला निम्म्याहून थोडा जास्त वाटा कबूल करून घेतला होता. रेमंडनं युनियनचं पत्रक आणलं. ताईंनी मला ते मोठ्यानं वाचायला लावलं आणि वाचून झाल्यावर म्हणाल्या, "म्हणजे टोपीच की. मालकांना एकमेकांवर बोली लावल्याशिवाय राहवत नाही, तर टोपी कोणाला घातली? यांना!"

मी तेव्हा मोठी हुशार होते. म्हटलं, "ताई, या लोकांना एका वर्षात मिळतं ते आपल्याला जन्मात मिळणार नाही. यांची कसली कीव करायची?"

ताई चिडल्या नाहीत. त्यांनी माझ्या पानात भात वाढला. "मालक ऐंशी वर्षांचा झाला तरी मालक असतो. त्याला चाकाच्या खुर्चीतून आणतात, तरी मालक. याचं काय? मी हात लावते ना, मला माहीत आहे. याचा सांधा चाळिशीत सत्तरचा होईल. हा जन्माचं सगळं दहा वर्षांत कमावतो बाई. वर्षाचा हिशोब नको लावू त्याला."

पुढच्या हंगामात, डिसेंबरातल्या एका सामन्यात उडी मारून खाली येताना रेमंडचा उजवा गुडघा फिरला. लिगामेंट तुटलं, ऑपरेशन झालं. करार अजून दोन वर्षांचा होता. खेळताना दुखापत झाली तर करारातले पैसे द्यावेच लागत, आणि न खेळणाऱ्या रेमंडचा पगार संघाच्या त्या मर्यादेतच मोजला जाई. मालकांना नवा खेळाडू घ्यायचा होता आणि टोपीत जागा नव्हती.

माझा घोटा तेव्हा पुन्हा सुजला होता. क्लिनिकात पडद्याआड गरम पाण्याच्या टबात पाय सोडून मी बसले असताना पलीकडे संघाचा मॅनेजर आला. सोबत ताईंच्या विभागाचे प्रमुख डॉक्टर. मॅनेजर फार गोड बोलत होता. म्हणाला, रेमंड उन्हाळ्यातही तुमच्याकडे आला होता ना? तेव्हा तो गल्लीतल्या कोर्टवर मुलांबरोबर खेळत होता असं आम्ही ऐकलंय. कराराप्रमाणे बाहेर खेळायला मनाई आहे. गुडघा तेव्हाच दुखावला असणार. तुमच्या नोंदीत ते राहून गेलंय, तेवढं जोडा.

"उन्हाळ्यात तो डाव्या घोट्यासाठी आला होता," ताई म्हणाल्या.

"गुडघ्याबद्दलही बोलला असेल. इतके रोगी असतात, तुम्हाला कसं आठवणार?"

"मला आठवायची गरज नाही. मी लिहिलंय."

मग प्रमुख डॉक्टर बोलले. संघाचं काम हॉस्पिटलसाठी किती मोठं आहे, ते सांगितलं. आणि जाता जाता, आवाज जराही न चढवता, "कुसुम, तुझ्या ग्रीन कार्डाचं पत्र माझ्याच टेबलावर आहे, नाही का?"

ते गेल्यावर पडदा सरकवून ताई आत आल्या. माझा पाय पाण्यातून काढला, पुसला, घोट्यावर बोटं फिरवली. मग त्यांनी फॉर्म ओढला, गोल काढला, चार ओळी लिहिल्या.

ही गोष्ट रेमंडला कशी कळली कोण जाणे. त्या रविवारी तो कुबड्या घेऊन तीन जिने चढून आला. त्यांचं बोलणं इंग्रजीत झालं, पण ताईंचं इंग्रजीही नागपूरचंच होतं. रेमंड त्याच्या हळू आवाजात म्हणाला, "लिहून द्या. मी दुसरं काहीतरी करीन. शाळेत शिकवीन. तुम्हाला आईकडे जायचंय."

ताई उसळल्या. "तू कोण मला सांगणारा? मी तुझ्यासाठी करते आहे असं वाटलं तुला? त्या कागदावर माझं अक्षर आहे. उद्या कोणाचा गुडघा हातात घेतला, तर तो म्हणेल ही बाई लिहिते ते खरं कशावरून?" मग एकदम थांबल्या आणि त्याच्या पायाकडे बघत म्हणाल्या, "आणि तीन जिने चढलास? कोणाला विचारून चढलास?"

तरीही, तो बाहेर खेळला असं कारण देत, संघानं करार रद्द केला. युनियननं लवादाकडे तक्रार नेली. सुनावणी उन्हाळ्यात एका हॉटेलच्या सभागृहात झाली. ताईंना साक्षीला बोलावलं होतं. ठेवणीतली निळी साडी नेसून त्या गेल्या, आणि मी त्यांच्याबरोबर गेले होते, पण मला बाहेर बसवलं. आत काय झालं ते पुढे रेमंडनं इतक्यांदा सांगितलं की ते मी पाहिल्यासारखंच वाटतं.

संघाच्या वकिलानं ताईंना विचारलं, "मॅडम, इंग्रजी ही तुमची मातृभाषा नाही. रेमंड गुडघ्याबद्दल बोलला असेल आणि तुम्हाला ते नीट समजलं नसेल, असं होऊ शकतं ना?"

ताई म्हणाल्या, "इंग्रजी कमी येत असेल. डावं-उजवं येतं."

लवादानं त्यांचा कागद हातात घेतला. डाव्या घोट्याभोवती निळा गोल होता आणि खाली, मॅनेजरच्या लक्षात न आलेली, एक चौथी ओळ होती. घोटा तपासताना ताईंनी दोन्ही गुडघेही तपासले होते, कारण घोटा दुखला की माणूस गुडघ्यावर भार टाकतो. "दोन्ही गुडघे घट्ट, निकोप," असं त्यांनी लिहून ठेवलं होतं.

निकाल रेमंडच्या बाजूनं लागला. त्याला दोन्ही वर्षांचे पैसे मिळाले.

महिन्याभरात संघानं आपलं काम दुसऱ्या हॉस्पिटलला दिलं. ताईंच्या विभागाची 'पुनर्रचना' झाली आणि पुनर्रचनेत एकच जागा कमी झाली. ती कोणाची, ते सांगायला नको. ग्रीन कार्डाचा अर्ज हॉस्पिटलचा, नोकरी गेली तसा तोही गेला. तिथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत एक काका ताईंना म्हणाले, "बाई, लाखो डॉलरवाल्यांच्या भांडणात तुम्ही कशाला पडलात? ते एकमेकांचं बघून घेतील ना!" ताईंनी त्यांना प्रसादाचा मोदक दिला आणि म्हणाल्या, "भाऊ, तुमची उजवी टाच दुखते आहे. बूट बदला."

टेक्सासात शुगर लँडच्या एका मराठी डॉक्टरांनी शब्द टाकला आणि तिथल्या म्हाताऱ्या माणसांच्या केंद्रात ताईंना काम मिळालं. नव्या केंद्रानं नवा अर्ज केला. रांग पुन्हा पहिल्यापासून. सामान जास्त नव्हतं. रेमंडनं एक व्हॅन भाड्यानं घेतली आणि दोन दिवस स्वतः ड्राइव्ह करून त्यांना पोचवून आला. दर दीड तासानं ताईंनी गाडी थांबवून त्याला पेट्रोल पंपाभोवती चालायला लावलं म्हणे.

दुसऱ्या वर्षी नागपूरला ताईंची आई गेली. अर्ज अजून रांगेतच होता. ताई जाऊ शकल्या नाहीत.

कार्ड आलं ते एकोणनव्वदमध्ये. त्या उन्हाळ्यात मी शुगर लँडला गेले होते. अंगाला चिकटणारी दमट हवा होती. ताई नुकत्या नागपूरला जाऊन आल्या होत्या. आईच्या खोलीत भावानं आता शिवणाचं मशीन ठेवलंय, एवढंच त्यांनी सांगितलं. संध्याकाळी आम्ही पायरीवर बसलो होतो. मला इतकी वर्षं विचारायचं होतं ते मी विचारलं.

"ताई, पस्तावा होतो का हो?"

मला वाटलं होतं, त्या झटकून टाकतील. त्यांनी झटकलं नाही. त्या स्वतःचे तळहात चोळू लागल्या.

"होतो ना. आई गेली तेव्हा फार झाला. वाटलं, लिहून टाकली असती एक ओळ तर काय बिघडलं असतं? कोण मेलं असतं?" मग म्हणाल्या, "पण ती ओळ लिहून आईसमोर जाऊन बसले असते, आणि ती म्हणाली असती, दाखव गं काय काम करतेस. तिला काय दाखवलं असतं मी?"

मी आकड्यांचंच काम करते. आकडा थोडा इकडचा तिकडे केला तर बरं, असं सुचवणारे गोड आवाज त्यानंतर मीही पुष्कळ ऐकले. काही वेळा उत्तर द्यायला मला फार वेळ लागला, हेही इथे कबूल केलं पाहिजे. ताईंना एक वाक्य बोलण्याइतकाच वेळ लागला होता.

त्यानंतर काही वर्षांतच ताई गेल्या. आजार पोटाचा होता आणि त्यांनी तो हातानं चाचपून डॉक्टरांच्या आधी ओळखला होता. ह्यूस्टनजवळच्या दहनगृहात आम्ही वीसेक जण जमलो होतो. रेमंड आला होता. तो आता त्याच्या गावच्या शाळेत शिकवत होता. तिकडे दहनालाही शवपेटीतूनच नेतात, आणि ती उचलायला सहा माणसं लागतात. पाच आपली मराठी माणसं, साडेपाच फुटांच्या आतबाहेरची, आणि सहावा तो. त्यानं नेहमीसारखं उचललं असतं तर पेटी एका बाजूला कलली असती. पार्किंगपासून आतल्या खोलीपर्यंत बरंच अंतर होतं. ते सगळं अंतर रेमंड दोन्ही गुडघे वाकवून चालला, आणि पेटी शेवटपर्यंत पाण्यासारखी सपाट राहिली.