इक्बालभाईंनी पुसू दिलं नाही

गेल्या महिन्यात एका शनिवारी बिघडलेला प्रिंटर स्कूटरवर पायाशी ठेवून मी इक्बालभाईंच्या दुकानापुढे उभा राहिलो, तर शटर खाली. नमाजाला गेले असतील म्हणून थांबलो. शेजारचा झेरॉक्सवाला बाहेर आला. त्यानं माझ्याकडे बघितलं, प्रिंटरकडे बघितलं आणि म्हणाला, "साहेब, तुमाला कळलं न्हाय व्हय? भाई गेले की. आठ दिवस झाले." हृदयाचा झटका... दवाखान्यापर्यंतही पोचले नाहीत. मी त्याला काय बोललो ते आठवत नाही. प्रिंटर तसाच घेऊन जुळे सोलापूरला घरी आलो. बायकोनं, सुनंदानं, दार उघडलं आणि "काय झालं हो?" असं विचारलं, तेव्हा मला रडू कोसळलं. कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या माणसासाठी कुणी इतकं रडतं का? मी रडलो. का, ते सांगायचं तर एका हार्ड डिस्कची हकिगत सांगावी लागेल.

इक्बालभाई मूळचे रेडिओ आणि टेपरेकॉर्डरवाले. काळ बदलला तसे ते कॉम्प्युटरकडे वळले, पण सवयी रेडिओवाल्याच्याच राहिल्या. कुठलीही हार्ड डिस्क आली की ती आधी कानाला लावायची, डोळे मिटून तिची घरघर ऐकायची आणि मग निदान सांगायचं. घाई हा शब्द त्यांना ठाऊक नव्हता. मी नेमका उलटा. चिंचोळी एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये काय ठेवायचं आणि काय भंगारात काढायचं हे ठरवण्यात माझी हयात गेली. घरातही मी तेच करतो असं सुनंदा म्हणते, आणि तिचं काही खोटं नाही. दुकानात गेलो की काम होईपर्यंत मी त्यांच्या डोक्यावर उभा. "मानेसाहेब, तुमी बसा की जरा," ते म्हणायचे, "तुमी हुबं राहिलात की मशीनपण घाबरतंय." मग मी बसायचो, आणि दोन मिनिटांनी पुन्हा उठायचो.

तीन वर्षांपूर्वी आमची मुलगी शिकायला पुण्याला, हॉस्टेलवर निघाली. तिला द्यावी म्हणून मी कपाटातली जुनी हार्ड डिस्क काढली आणि लॅपटॉपला लावली. पडद्यावर आलं, वापरण्याआधी ही डिस्क फॉरमॅट करावी लागेल, म्हणजे आतलं सगळं पुसावं लागेल. मला आयतंच सापडलं. आत माझ्या मते ऑफिसची जुनी परिपत्रकं आणि दोन-चार सिनेमे, म्हणजे सगळं भंगारच. मी 'हो' दाबलं. बराच वेळ काही हललं नाही, मग उत्तर आलं, फॉरमॅट होऊ शकलं नाही. पुन्हा दाबलं. वायर काढून घातली, दुसऱ्या बाजूला लावली, लॅपटॉप बंद करून चालू केला. चार वेळा दाबलं. चारही वेळा तेच उत्तर. शेवटी वैतागून ती पिशवीत कोंबली आणि इक्बालभाईंकडे गेलो.

त्यांनी माझी तक्रार ऐकून घेतली आणि डिस्क कानाला लावली. "वायर खराब हाय. पोटभर करंट मिळत न्हाय हिला." भिंतीवरच्या खिळ्यांना टांगलेल्या वायरींतून त्यांनी एक आखूड, जाड वायर निवडली आणि डिस्क त्यांच्या कॉम्प्युटरला मागच्या बाजूनं जोडली. ती सुरेख फिरायला लागली. पडद्यावर पुन्हा तोच प्रश्न. "आता व्हईल," ते म्हणाले, "एका मिनिटाचं काम हाय."

"मग करा की!"

त्यांनी माउसवरचा हात काढून घेतला. "आत काय हाय?"

"काही नाही."

"वहिनींना फोन लावा. घरातल्या दोघांनी व्हय म्हटल्याशिवाय मी पुसत न्हाय."

मला संताप आला. डिस्क माझी, आणि परवानगी बायकोची? तसं मी बोलूनही दाखवलं. ते चिडले नाहीत. "एकदा एक साहेब असंच कुच नहीं है बोलले. मी पुसून दिलं. दुसऱ्या दिवशी त्यांची बहीण आली. तिच्या अब्बांचे सगळे फोटो त्यात होते. ओरडली आसती तर बरं झालं आसतं, साहेब... ती नुसती बसून राहिली. हितं, या स्टुलावर."

मी मुकाट्यानं फोन लावला आणि जुनी डिस्क पुसू का म्हणून विचारलं. पलीकडून सुनंदा किंचाळलीच. "अहो, काय करताय! आईचे व्हिडिओ आहेत त्यात!"

माझ्या सासूबाई मंगळवेढ्याला असतात. त्याच्या आदल्या वर्षी त्यांना अर्धांगाचा झटका आला आणि त्यांची वाचा गेली. त्याआधी माहेरी गेली की सुनंदा त्यांना मोबाइलवर टिपून घ्यायची. तो मोबाइल बिघडायला लागला, तेव्हा मुलीकडून तिनं ते सगळं या डिस्कवर घालून घेतलं होतं. दुसरीकडे कुठेच नव्हतं. मला सांगितलंही होतं म्हणे. सांगितलं असेल, मी ऐकलं नसेल. आईचा आवाज एवढ्याच डबीत उरला होता, आणि मी ती चार वेळा पुसायला निघालो होतो.

अर्ध्या तासात सुनंदा रिक्षानं दुकानात आली. माझ्याकडे न बघता तिनं इक्बालभाईंना विचारलं, "यांनी काही केलं का हिला?"

मी चार वेळा बटण दाबल्याचं दुकानात शिरल्या शिरल्याच भाईंना सांगून बसलो होतो. त्यांनी मान वर केली नाही. "न्हाय वहिनी. डिस्क उघडत न्हाय म्हनून साहेबांनी जपून माज्याकडं आणली. वायर खराब हाय, बस."

वायर बदलली तरी डिस्कच्या आतली मांडणी बिघडलेलीच होती; दोन दिवस ते तिच्याशी झगडले. तिच्यावर एक अक्षरही न लिहिता आतलं सगळं हळूहळू दुसऱ्या डिस्कवर उतरवून घेतलं. तिसऱ्या दिवशी आम्हाला बोलावलं आणि पहिला व्हिडिओ लावला. सासूबाई चुलीपुढे शेंगा भाजत बसलेल्या. "ए सुनंदे, ठेव की ते! शेंगा करपतील हितं. माजं थोबाड काय बगतीस?" सुनंदा हसता हसता रडायला लागली. इक्बालभाई चहा सांगून येतो म्हणून उठले आणि बराच वेळ आलेच नाहीत. आता मंगळवेढ्याला गेलो की आम्ही तो व्हिडिओ लावतो. सासूबाई स्वतःचीच बोलणी ऐकतात आणि अंग गदगदेपर्यंत हसतात. हे सुख आमच्या घरात इक्बालभाईंमुळे आहे.

पुढे एकदा मी त्यांना विचारलं, "भाई, त्या दिवशी खोटं का बोललात?" ते म्हणाले, "माल निघंल का न्हाय ते मलाबी ठाऊक नव्हतं. निघाला नसता तर वहिनींनी वायरीला शिव्या दिल्या आसत्या. जन्मभर तुमाला कशाला?"

गेल्या आठवड्यात आम्ही दोघं त्यांच्या घरी जाऊन भाभींना भेटून आलो. परतल्यावर मला राहवेना. सुनंदाला समोर बसवून सगळं सांगून टाकलं.

"चार वेळा?" तिनं विचारलं.

"चार वेळा."

ती उठून स्वयंपाकघरात गेली. भांडी वाजली, मग वाजायची थांबली. मी बाहेर वाट बघत बसलो. बऱ्याच वेळानं ती दारात आली. डोळे लाल होते.

"त्यांनी एवढं झाकून ठेवलं," ती म्हणाली, "त्यावरून मी आता कशाला भांडू? चला, पानं वाढलीत."