न केलेला फोन

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. ज्या एका माणसाला सांगायला हवं, ती रोज समोर बसून जेवते — तिलाही नाही. गेल्या वर्षी चौदा जून, संध्याकाळचे सव्वासात, धायरीतलं औषधाचं दुकान. हजर तिघं — दुकानदार, मी, आणि माझ्या मागे आमच्या सोसायटीतले देसाई.

थोडं मागून सांगतो. मुक्ता माझी मुलगी, वीस वर्षांची. तिची आई जाऊन सात वर्षं झाली. घरात आम्ही दोघंच. मुक्ताची पाळी दहा-दहा दिवस चालायची, दर दीड तासाला पॅड बदलावं लागायचं. बापाला हे कसं सांगणार? तिनं आकड्यांत सांगितलं — मला तेवढंच नीट कळतं, हे तिला ठाऊक. हिमोग्लोबिन ८.१ निघालं. डॉक्टरबाईंनी हार्मोनच्या गोळ्या दिल्या. एकवीस दिवस घ्यायच्या, सात दिवस खंड. मूल होऊ नये म्हणून देतात त्याच. अंगावरून जास्त जात असेल तरी याच देतात, असं त्यांनी मला समोर बसवून समजावलं. आणि मला समजलं होतं — तेव्हा अडाणीपणाची सबब मला नाही. तीन महिन्यांत दहाचे पाच दिवस झाले. हिमोग्लोबिन १०.६. पोरगी पुन्हा टेकडीवर जायला लागली.

मग तो चौदा जून. दुकानदारानं पाकीट पुढे केलं, आणि देसाई मागून म्हणाले, "अहो, या कुणासाठी? वहिनींना जाऊन तर सहा वर्षं झाली!"

एवढंच. मुलीला डॉक्टरांनी दिल्यात — तीन शब्द. निघाले नाहीत. "चुकून काढल्या त्यांनी," म्हणालो आणि पाकीट परत सरकवलं. आमच्या रस्त्याला औषधांची आणखी चार दुकानं आहेत. गेलो का? नाही.

घरी येऊन मुक्ताला सांगितलं — दवाखान्यात फोन केला होता, गोळ्या आता थांबवल्या तरी चालतील म्हणाले. ती म्हणाली, "बरं बाबा."

सप्टेंबरात ती कॉलेजच्या जिन्यात कोसळली. ६.४. डॉक्टरबाईंच्याच दवाखान्यात दोन पिशव्या रक्त चढवलं. त्यांनी विचारलं, गोळ्या थांबवायला सांगितलं कुणी? मुक्ता म्हणाली, बाबांनी इथेच फोन केला होता. बाईंनी रिसेप्शनवरच्या मुलीला आत बोलावलं. असा फोन आल्याचं आठवत नाही, म्हणाली ती. मी काय बोललो? काही नाही — पलंगाच्या दांडीला धरून उभा राहिलो. बोलली ती मुक्ता, पांढऱ्याफटक ओठांनी. "माझे बाबा खोटं बोलत नाहीत."

ती मुलगी मुक्ताच्याच वयाची असेल. बाईंचं सगळं बोलणं तिनं खाली मान घालून ऐकून घेतलं. मग माझ्याकडे वळली. "सॉरी काका. विसरले असेन मी."

मी म्हणालो, "असू दे. होतं असं."