किसनभाऊंनी न फोडलेला नारळ

भिलाईजवळच्या बोरसीहून किसनभाऊंच्या मुलाचा फोन आला. "काका, बाबा गेले," एवढं मराठीत बोलला, पुढचं रडणं सगळं हिंदीत. मला वाईट वाटलंच, पण त्याआधी राग आला. असं न सांगता निघून जाणारा माणूस नव्हता तो...

भिलाईचा कारखाना उभा राहत होता तेव्हा आम्ही एकाच ठेकेदाराकडे लोखंडी खांब उभे करणाऱ्या गँगमध्ये होतो. मी गोंदियाकडचा; ते भंडाऱ्याकडचे, घरचे शेतकरी आणि पंथाने महानुभाव. आपल्या परमेश्वराशिवाय कोणापुढे हात जोडायचे नाहीत, दुसऱ्या देवाचा प्रसाद घ्यायचा नाही, हे त्यांचं व्रत. आम्ही चिडवायचो, "पेढा तरी खा किसनभाऊ, पेढ्याले कोन्ता धर्म?" ते हसून आपला डबा उघडत. कायद्याला मात्र पक्के. यंत्राजवळ गळ्यात काही नको असा हुकूम निघाला, तेव्हा नामस्मरणाची गाठी त्यांनी स्वतःच काढून ठेवली. पंथातले लोक रागावले, तर म्हणाले, "नाम गाठीत नाई, तोंडात हाय."

मग नव्या शेडचा पहिला खांब आला. रिवाज असा, की गँगमधल्या वडीलधाऱ्याने क्रेनच्या हुकाला कुंकू लावून नारळ फोडायचा. वडीलधारे किसनभाऊच. मुकादमाने नारळ पुढे केला आणि यांनी हात मागे घेतला.

"दुसऱ्या कोनाले फोडू द्या, माही काई हरकत नाई."

"कावून? सगळ्यायचा जीव टांगून राहिला, अन् तू अपशकुन करतं?"

"मंग वर पयला मीच चढतो."

मुकादमाने चढू दिलं नाही, थेट फाटकाबाहेर काढलं. नारळ त्याने स्वतः फोडला, खांबही उभा केला. पण वरचे बोल्ट कसायला कोणी चढेना. अपशकुनाची भीती एकदा बसली की नारळानेही जात नाही.

किसनभाऊंच्या रुखमावहिनी नुकत्याच गावाहून आल्या होत्या. खोली ठेकेदाराची, काम गेलं की छप्परही जाणार. संध्याकाळी मी समजवायला गेलो, "एक नारळ त हाय." वहिनीच उसळल्या. "तुमाले नारळ हाय भाऊजी. यायले देव सोडनं हाय."

सकाळी किसनभाऊ वेळेवर फाटकावर हजर. दुसऱ्या सकाळीही. काम अडलं म्हणून मोठे साहेब आले, त्यांनी यांनाच विचारलं.

"साहेब, कामाची टोपी घाला म्हनलं, घातली. गाठी काढा म्हनलं, काढली. नारळ फोडा, असा कायदा हाय का? असंन त सांगा, मी आपल्या पायानं गावाले जातो."

साहेब फाटक उघडा म्हणाले. किसनभाऊ सरळ खांबावर चढले, मागून आम्ही गपचूप. पुढे ते कारखान्यात कायम झाले, पण त्यांना गँगचा जमादार कधीच केलं नाही. ते मलाच लागलं, त्यांना नाही.

परवा बोरसीला गेलो. गल्लीतल्या पोरांनी किसनभाऊंचा फोटो आणला होता. हार, निरांजन, कुंकवाची वाटी, सगळी तयारी. वहिनींनी वाटी उचलून बाजूला ठेवली.

"फोटो राहू द्या. पन हात जोडू नका. जलमभर यायनं कोन्त्याच चिजीचा देव नाई केला, अन् तुमी यायचाच देव करून राहिले?"

"आजी, रिवाज है ना," एक जण पुटपुटला. मी उठलो, दोन्ही हात पाठीमागे घेतले आणि किसनभाऊंसमोर ताठ उभा राहिलो.